एक कलदार जळगावला

द्रौपदाबाई : पानवाला म्हणे, वर एकच खोली शे, चुकायचं काय त्यात. पण जिना किती उभा, भाऊ. मधमा दोनदा बसले मी.

बन्सीलाल : आता नीट बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे. खाटेवर बसा. हे घ्या पाणी, माठातलं आहे.

द्रौपदाबाई : द्या. गाडीतून उतरले तर ऊन असं, का डोकं भाजून निघालं. स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारा छत्री धरून उभा व्हता. तोंड दिसलं नही, पण म्हटलं याले पत्ता विचारू. दोनदा हाक मारली, ओ भाऊ, ओ भाऊ. तो आपला गाडीच्या दाराकडेच बघत राहिला. जळगावची माणसं लई मोठी झाली म्हटलं. मग विचारत विचारत दोन गल्ल्या उलट्या फिरले.

बन्सीलाल : ऐकू आलं नसेल त्याला.

द्रौपदाबाई : नसेल. जाऊ द्या. तुम्ही बन्सीलालच ना? टॉकीजमा तिकिटाच्या खिडकीवर व्हते ते?

बन्सीलाल : होतो. ती खिडकी सोडूनही आता बरीच वर्षं झाली. कोणी पाठवलं तुम्हाला?

द्रौपदाबाई : कोणी नही. मी द्रौपदा. धुळ्याची. एस्टीतल्या भिकन कंडक्टरची बायको.

बन्सीलाल : वहिनी? अहो, मग असं परक्यासारखं काय सांगताय. आणि ते कुठे आहेत? जिना चढवत नाही म्हणून खाली थांबले का? पानवाल्याशी बोलत बसले असतील. थांबा, मी हाक मारतो. भिकनराव...

द्रौपदाबाई : हाक नका मारू, भाऊ.

बन्सीलाल : अहो, मे महिन्याचं ऊन आहे, त्यांना सोसत नाही...

द्रौपदाबाई : खिडकीतून आत या. बसा. हे नही शेत आता. पौषमा गेले.

बन्सीलाल : पौषात.

द्रौपदाबाई : सकाळी मी अंघोळीचं पाणी काढलं. म्हणे, छातीत जळजळतं, जरा पडतो. पाणी गार झालं तरी उठले नही.

बन्सीलाल : पुनवेच्या आधी का नंतर?

द्रौपदाबाई : आधी. काबरं?

बन्सीलाल : त्या पुनवेला यायचे होते. रिटायर झाल्यापासून पुनव चुकवली नव्हती त्यांनी. मी भाजी आणून ठेवली होती. वांगी. मग म्हटलं, थंडी फार आहे, नसतील निघाले. मग माघातही नाहीत, फाल्गुनातही नाहीत. म्हटलं, रागावले असतील. मागच्या खेपेला एका नाण्यावरून जरा शब्दाला शब्द झाला होता. मी इथे त्यांचा रुसवा काढायच्या गोष्टी करत बसलो, वहिनी, आणि माणूस कधीच गेलेला.

द्रौपदाबाई : तुम्हाले कोण कळवणार? तुमचा पत्ता कोणाकडे? पोराले तर तुमचं नावबी माहीत नही.

बन्सीलाल : मी दोन कार्डं टाकली होती.

द्रौपदाबाई : आली ना. दोन्ही आली. माले वाचता येत नही, आणि गुलाब तिकडे सुरतले, लूमवर. गल्लीतल्या कोणी वाचून दाखवलं असतं. पण म्हटलं, त्यांच्या नावाचं कार्ड शे, दुसऱ्यानी काबरं वाचावं. पेटीमा ठेवून दिली त्यांच्या. काय लिहिलं व्हतं?

बन्सीलाल : विशेष काही नाही. एकात, बऱ्याच दिवसांत आला नाहीत. दुसऱ्यात, आंबे आलेत बाजारात, या.

द्रौपदाबाई : आंबे म्हणजे जीव की प्राण त्यांचा. घ्या, ही पिशवी घ्या. सांजोऱ्या शेत. आखाजीच्या सणाच्या उरल्या, त्याच आणल्या. रिकाम्या हातानं कसं यायचं.

बन्सीलाल : तुमच्या हातचं मी काही पहिल्यांदा खात नाही.

द्रौपदाबाई : ते कसं?

बन्सीलाल : वस्तीच्या गाडीला ड्यूटी असली की डबा कोणाचा खायचो मी? रात्री शेवटची गाडी इथे लावली, हिशेब डेपोत दिला, की ते सरळ वर यायचे. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. मी एकटा माणूस, मला कोण भाकरी थापून देणार.

द्रौपदाबाई : आत्ता कळलं माले. वस्तीच्या दिवशी म्हणायचे, द्रौपदा, दोन भाकऱ्या जास्त बांध, गाडीत भूक लागते. मी म्हणे, या माणसाले जळगावले जाऊनच एवढी भूक काबरं लागते? चाळीसगावच्या ड्यूटीले लागत नही, दोंडाईच्याले लागत नही.

बन्सीलाल : मीठ जरा जास्त असायचं तुमचं.

द्रौपदाबाई : खाताना बरं बोलले नही कधी.

बन्सीलाल : कोणाला बोलणार? तुम्ही तिकडे.

द्रौपदाबाई : हसू नका, पण खरं सांगते आता. माले वाटायचं, जळगावात कोणी बाई शे. रात्रभर पडून विचार करायची. पोरगं कुशीत, दाराले आतून खाट लावलेली, आणि माझ्या डोळ्यापुढं ती बाई. गोरी, अंगानं भरलेली. वीस वर्षं मी तिले शिव्या घातल्या.

बन्सीलाल : आणि होतो मी. टक्कल पडलेला.

द्रौपदाबाई : बाई असती ना, तर भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या. तुमचं काय करायचं?

बन्सीलाल : चहा टाकतो मी.

द्रौपदाबाई : चहा राहू द्या. आधी माझं काम ऐका. ही पेटी. ओळखता ना?

बन्सीलाल : न ओळखायला काय झालं. कंडक्टरची पत्र्याची पेटी, तिकिटांची. नोकरी सुटल्यावर त्यांनी नाण्यांना केली. तुम्ही एकट्या घेऊन आलात ही, एवढ्या लांब?

द्रौपदाबाई : मांडीवर धरून आणली. कंडक्टर म्हणे, आजी, वर ठेवा. मी म्हटलं, तुझ्याच जातभाईची शे, राहू दे मांडीवर. आता ऐका. गुलाब आखाजीले आला व्हता. म्हणे, आई, धुळ्याच्या सराफाकडे वजनावर टाकून देऊ. एक कलदार रुपया म्हणजे एक तोळा चांदी, सरळ हिशेब. त्याले मोटारसायकल घ्यायची. मी म्हटलं, नही. आधी जळगावले दाखवीन.

बन्सीलाल : बरं केलंत.

द्रौपदाबाई : काबरं माहीत शे? मी जन्मभर भांडले त्यांच्याशी या पेटीवरून. पगार झाला की एखादा कलदार घरात यायचा, आणि माझ्या कानात तांब्याची फुलं. मी तोंड सोडलं की म्हणायचे, द्रौपदा, हे चांदीच्या भावाचे नहीत. यातल्या एकेकाचं मोल वेगळं शे. माझ्यामागं जळगावले बन्सीभाऊकडे घेऊन जा, तो खोटं बोलत नही. तो मोल सांगेल, तेव्हा तुले कळेल मी काय करत व्हतो. मेल्या माणसानं सांगून ठेवलेलं, म्हणून आले. पैसा नको माले, दोन घासापुरतं माझं शे. ते शहाणे व्हते का येडे, एवढंच माले कळू द्या. मग सुखानं मरेन मी.

बन्सीलाल : शहाणे होते, वहिनी. आम्हा दोघांत डोळा त्यांचाच. द्या इकडे. कुलूप आहे का?

द्रौपदाबाई : नही, उघडीच शे. तुमच्यासाठी तयार करूनच आणली.

(पेटीचं झाकण वर झालं तसं खिडकीतलं ऊन आत पडलं आणि सगळे कलदार नव्या ताटासारखे लखलखले. इतक्या वर्षांत ही नाणी अशी चमकताना बन्सीलालने कधी पाहिली नव्हती. त्याने एक उचललं, उलटवलं, परत ठेवलं. मग दुसरं. मग त्याने भिंगाकडे गेलेला हात मागे घेतला.)

द्रौपदाबाई : काय झालं? कमी शेत का?

बन्सीलाल : नाही. सगळी आहेत. राणीछाप, राजाछाप... आहेत सगळी.

द्रौपदाबाई : मग?

बन्सीलाल : मग काही नाही. उत्तम आहेत. वजनाच्या चौपट तरी येतील. असं करा, मीच ठेवून घेतो. गुलाबला सांगा, चौपट आले. शिल्लक आहे माझी बँकेत, मला कुठे खर्च आहे. सोमवारी बँकेत जातो.

द्रौपदाबाई : चौपट?

बन्सीलाल : पाचपट म्हणा.

द्रौपदाबाई : भाऊ, माझ्याकडे बघा. तुम्ही खिडकीशी नही नेला एकबी. भिंग लावलं नही. हे सांगायचे, बन्सीभाऊनी कलदार हातात घेतला की समोरचा चहा गार होतो, पण त्याच्या तोंडून आकडा निघत नही. आधी तो मुठीत धरून गरम करतो, मग खिडकीत नेतो, मग भिंग, मग पुन्हा मूठ. तुम्ही तर भाजीवालीसारखा भाव करून मोकळे झाले.

बन्सीलाल : उन्हाचा डोळ्याला त्रास होतो आता.

द्रौपदाबाई : खोटं बोलत नही म्हणाले व्हते ते तुमच्याबद्दल.

बन्सीलाल : चहा टाकतो मी आता.

द्रौपदाबाई : सांगा. नकली शेत का? फसवलं व्हतं का त्यांले कोणी?

बन्सीलाल : नकली नाहीत. एकही नकली नाही. वहिनी, ही धुतली कोणी?

द्रौपदाबाई : मी. काबरं?

बन्सीलाल : कशाने धुतली?

द्रौपदाबाई : चिंच आणि राख. देवाची भांडी धुतो तशी. काथ्यानं घासली. पूर्ण सकाळ गेली, बोटं सोलवटली. काळीकुट्ट व्हती हो, हात लावायची लाज वाटावी अशी.

बन्सीलाल : आणि धुतली कशाला?

द्रौपदाबाई : आखाजीले त्यांची पहिली घागर व्हती ना. वर्षात माणूस गेलं की नवी घागर भरायची, पाण्याची, वर डांगराचं फळ ठेवायचं. आपल्याकडे बठ्ठ्या घरी करतात, एक घर सुटत नही. पुढं त्याच्या आवडीचं मांडायचं. कोणी विडी ठेवतं, कोणी चष्मा. मी म्हटलं, यांले काय आवडायचं? तर ही पेटी. आमरस वाढला, सांजोरी वाढली, आणि घागरीपुढं हे बठ्ठे कलदार मांडले, ताटामा. पण पितराच्या पुढं मळकं कसं ठेवायचं, भाऊ? म्हणून धुतले. जिवंतपणी कधी हात लावू दिला नही. म्हटलं, एकदा तरी माझ्या हातानं लख्ख करून देते.

बन्सीलाल : छान दिसले असतील.

द्रौपदाबाई : चांदण्यासारखे दिसले. पण तुमचं तोंड काबरं उतरलं? बोला ना आता.

बन्सीलाल : कसं सांगू तुम्हाला. दुधावर साय धरते ना, तशी जुन्या चांदीवर एक साय धरते. काळपट, मध्येच निळसर. हवेने, हाताने, पेटीत पडून पडून. ज्याला कळत नाही त्याला तो मळ वाटतो. पण नाणी जमवणारा माणूस पैसे देतो ते त्या सायीचे. तिच्यावरून कळतं की याला कोणी छेडलेलं नाही, टांकसाळीतून निघालं तसंच आहे. ती एकदा घासून काढली की खाली उरते...

द्रौपदाबाई : तोळाभर चांदी.

बन्सीलाल : तोळाभर चांदी.

द्रौपदाबाई : गुलाब म्हणत व्हता तेवढीच.

बन्सीलाल : तेवढीच.

द्रौपदाबाई : परत धरत नही का साय?

बन्सीलाल : धरते. तुमच्या माझ्या आयुष्यात नाही. आणि काथ्याचे ओरखडे तर राहणारच.

द्रौपदाबाई : म्हणजे या माणसानं जन्मभर जपलं, ते मी एका सकाळी नासवलं.

बन्सीलाल : असं म्हणू नका.

द्रौपदाबाई : मग कसं म्हणू? बरं बोलणारे शेत तुम्ही, पाचपट देता म्हणे. भाऊ, माले राग कशाचा येतो सांगू? हे नुसतं म्हणायचे, द्रौपदा, हात लावू नको. काबरं नको, ते कधी सांगितलं नही. एक शब्द नही. साय धरते, ती काढायची नसते, एवढं बोलायले किती वेळ लागतो? मी काय येडी व्हते? दुधाची साय जपणारी बाई मी, माले समजलं नसतं? माले वाटलं, माझ्या हाताचा विटाळ धरतात. जन्मभर तेच वाटलं माले. तुमच्यापाशी मात्र रात्र रात्र बोलायचे.

बन्सीलाल : आम्ही फारसं बोलायचो नाही, वहिनी.

द्रौपदाबाई : मग काय करायचे रात्रभर?

बन्सीलाल : ते एक नाणं मधे ठेवायचे, मी एक ठेवायचो. बघत बसायचो. मधेच ते म्हणायचे, राजाची मिशी बघा. मी म्हणायचो, हो. संपलं.

द्रौपदाबाई : एवढंच?

बन्सीलाल : एवढंच. त्यातच उजाडायचं कधी कधी.

द्रौपदाबाई : मीबी बघत बसले असते. माले कोणी बोलावलं असतं तर.

बन्सीलाल : मीही कधी म्हटलं नाही त्यांना, वहिनींना एकदा घेऊन या. खरं सांगायचं तर मनातही आलं नाही. मला वाटायचं, हे माझंच आहे, एवढं तरी माझंच असू दे.

द्रौपदाबाई : माझ्याबद्दल काही बोलायचे का?

बन्सीलाल : बोलायचे. एकदा म्हणाले, तिला या पेटीचा भारी राग आहे. पण वस्तीच्या दिवशी जास्तीच्या भाकऱ्या मागितल्या तर कोणासाठी म्हणून कधी विचारत नाही, मुकाट बांधून देते.

द्रौपदाबाई : विचारायची हिंमत नव्हती, भाऊ. त्या बाईचं नाव सांगितलं असतं तर?

बन्सीलाल : वहिनी, रडू नका. तुमनी काही चूक नही शे. तुम्ही त्यासनी घागर भरी, त्यासले आवडे ते पुढे मांडं. त्यामा काय वाईट शे?

द्रौपदाबाई : तुमले येस आपली बोली? मग घटकाभर ते छापील काबरं बोलत व्हते?

बन्सीलाल : टॉकीजच्या खिडकीवर सवय लागली. मनी माय धरणगावनी. ती होती तोवर घरात हीच बोली. ती गेली, मग बोलायला भिकनराव तेवढे उरले. पौषापासून माझ्या तोंडून आज निघाली.

द्रौपदाबाई : पौषापासून मीबी कोणाशी धड बोलले नही. गुलाब येतो, हिशेब बोलतो, जातो. सुनेले माझी बोली गावठी वाटते.

बन्सीलाल : थांबा. तुम्हाला एक दाखवायचं आहे. ते कपाट जरा अडकतं... हं. ही डबी उघडा. तुम्हीच उघडा.

द्रौपदाबाई : हाबी कलदारच शे. काळा.

बन्सीलाल : हा तुमच्या घरचा आहे. भिकनरावांचा.

द्रौपदाबाई : मग तुमच्याकडे कसा?

बन्सीलाल : आमचं एक ठरलेलं होतं. निघताना ते त्यांचं एक नाणं माझ्याकडे ठेवून जायचे आणि माझं एक घेऊन जायचे. पुढच्या खेपेला आपापलं परत, आणि नवी जोडी. विश्वासाचा प्रश्न नव्हता. एकमेकांचं काही असलं की यावंच लागतं. सुरुवात त्यांनीच केली. म्हणाले, बन्सीभाऊ, नाहीतर माणूस आज जातो उद्या जातो करत राहतो.

द्रौपदाबाई : हुशार व्हते.

बन्सीलाल : खिडकीत न्या त्याला. कडेला धरा, पोटाला बोट लावू नका. राजाच्या झग्यावर बघा, हत्ती दिसतो?

द्रौपदाबाई : हत्ती कसला? डुक्कर दिसतं हे.

बन्सीलाल : अगदी हेच झालं तेव्हा. लोक म्हणाले, राजाच्या अंगावर डुक्कर कोरलं. बोभाटा झाला आणि सरकारने ते रुपये परत घेऊन वितळवले. थोडे सुटले, त्यातला हा. चोपड्याच्या गाडीत एका म्हातारीकडे तिकिटाला पैसे नव्हते. तिने कनवटीचा हा काढून दिला, तिच्या लेखी साधा रुपया. भिकनरावांनी तिचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढलं आणि म्हणाले, आजी, हा ठेवा, मोठ्या मोलाचा आहे. ती म्हणाली, मी फुकट बसत नही. गर्दीत उतरून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस हा खिशात घेऊन ते त्या गाडीवर ड्यूटी मागून घ्यायचे. ती काही परत दिसली नाही.

द्रौपदाबाई : माले यातलं काही माहीत नही. याचं मोल काय मग? आता नीट सांगा. मूठ धरा, भिंग लावा, सावकाश सांगा.

बन्सीलाल : याचं मोल मी केव्हाच केलेलं आहे. ही सगळी पेटी, न धुतलेली असती तरी, एका पारड्यात टाका, आणि हा एक दुसऱ्यात. हा जड जाईल. ते येडे नव्हते, वहिनी. आणि तुमच्याशी खोटंही बोलत नव्हते.

द्रौपदाबाई : नव्हते.

बन्सीलाल : घेऊन जा. तुमचा आहे. गुलाबला मोटारसायकल होईल, वर तुमच्या कानातलंही होईल.

द्रौपदाबाई : थांबा जरा. त्यांचा एक तुमच्याकडे, तर तुमचा एक आमच्याकडे असेल ना?

बन्सीलाल : असेल कुठेतरी.

द्रौपदाबाई : कुठेतरी नही. यातच असेल. कोणता?

बन्सीलाल : राहू द्या.

द्रौपदाबाई : कोणता, भाऊ?

बन्सीलाल : तो राणीछाप. राणीच्या गालावर सराफाने पारखायला टोचलेलं आहे बघा, बारीक. माझ्या आईचा तो. मरेपर्यंत तिच्या कनवटीला होता.

द्रौपदाबाई : तोबी घासला मी.

बन्सीलाल : हो.

द्रौपदाबाई : तुम्ही पेटी उघडल्या उघडल्या ओळखला असेल.

बन्सीलाल : पहिला तोच हातात आला.

द्रौपदाबाई : आणि तोंडातून शब्द काढला नही. वर पाचपट द्यायले निघाले.

बन्सीलाल : काय बोलणार? धुतला म्हणून आई काही वेगळी झाली नाही माझी.

द्रौपदाबाई : बरं. आता माझं ऐका. पेटी मी घरी नेते. गुलाबले सांगते, वजनाचेबी नही, पाचपटीचेबी नही, माझ्या मरणापर्यंत हे मोडायचे नहीत. हा काळा इथंच राहू द्या, तुमच्या डबीमा, जसा व्हता तसा. आणि तुमच्या आईचा हा मी घेऊन जाते.

बन्सीलाल : तो कशाला आता? त्यात काही राहिलं नाही.

द्रौपदाबाई : नसू द्या. माझं एक तुमच्याकडे, तुमचं एक माझ्याकडे. ठरलेलं ते ठरलेलं.

बन्सीलाल : वहिनी, एवढा प्रवास, हा जिना...

द्रौपदाबाई : जिन्यावर मधमा बसेन दोनदा. कळण्याचं पीठ घरी शेच. मीठ कमी टाकते. चला, गाडीची वेळ झाली असेल.

बन्सीलाल : थांबा, स्टँडपर्यंत येतो. ती कोपऱ्यातली छत्री द्या इकडे, पेटी माझ्याकडे द्या.

द्रौपदाबाई : ही छत्री? भाऊ, ही तर मी आज पाहिली. पाण्याच्या टाकीपाशी.

बन्सीलाल : हो.

द्रौपदाबाई : तुम्ही व्हते ते?

बन्सीलाल : ते यायचे त्या दुपारच्या गाडीला जातो मी. पौषाची पुनव चुकली तेव्हा वाटलं, आज नाही तर उद्या येतील. मग रोजचंच झालं. दारातून उतरणारं एकेक माणूस बघतो. आज तुम्हीही उतरलात, माझ्या समोरूनच गेल्या असाल. पण मी टोपी शोधत होतो, त्यांची खाकी.

द्रौपदाबाई : आणि मी मागून हाका मारते.

बन्सीलाल : ऐकू आल्या होत्या. मला कोण हाक मारणार, म्हणून वळलो नाही.

द्रौपदाबाई : उद्यापासून रोज नका जाऊ, भाऊ, ऊन वाईट शे. पुनवेले जा फक्त. मी उतरेन त्या गाडीतून. आणि हाक मारली तर ओ द्या.